बासरीवाल्याची खुर्ची

बाबा : काढा हो हा हेडफोन डोक्यावरून. बाई दुलई पांघरून गातेय.

लेक : मला तर गोड वाटला, बाबा. कान कसे मऊ मऊ राहतात.

बाबा : गोड आहे गं. पण खुर्ची कुठे गेली?

दुकानदार : खुर्ची?

लेक : तुम्ही लक्ष देऊ नका, दादा. बाबा स्टुडिओत रेकॉर्डिंग करायचे. हे गाणं त्यांनीच रेकॉर्ड केलंय. दुसऱ्या कडव्याआधी म्हणे खुर्ची करकरते. घरी रेडिओवर लागलं तरी ह्यांना ऐकू येते, आम्हाला कुणालाच नाही.

बाबा : बासरीवाल्याची खुर्ची. काय तो देह! तो बसला की खालच्या मजल्यावरचे लोक छत्र्या उघडायचे, छताचा चुना पडतो म्हणून.

लेक : झालं सुरू!

बाबा : मी तेव्हाच म्हटलं, पुन्हा घेऊ. स्टुडिओचे मालक म्हणाले, काही ऐकू येत नाही, चला घरी.

लेक : उद्या कानाच्या डॉक्टरांकडे नेतेय ह्यांना. नसलेले आवाज ऐकू येणं बरं नाही म्हणतात.

बाबा : मला एकदा मुंगी चालताना ऐकू आली होती. डाव्या पायाने लंगडत होती.

लेक : हे असं बोलता, मग खुर्चीवर तरी कोण विश्वास ठेवणार?

दुकानदार : काका, आता हा लावा. मागून जाळी आहे, त्यामुळे आवाज कोंडत नाही. लावू गाणं?

बाबा : लावा... हं... हं... आली! पोरी, घे, तू ऐक.

लेक : द्या. बापरे, किती स्वच्छ! बाईंनी श्वास घेतलेलाही कळतो. मला जरा टोचतोच हा... अगं बाई! करकर! थांबा, थांबा. तुमचं स्टूल वाजलं असेल, बाबा. ह्या जाळीतून बाहेरचं आत येतं का हो, दादा?

दुकानदार : येतं, ताई. अगदी येतं.

बाबा : असेल बाई. स्टूलच असेल.

लेक : असं एवढंसं तोंड करू नका. उठा बघू. दादा, तुम्हीही हलू नका. पुन्हा लावा.

दुकानदार : लावलं.

बाबा : काय गं? बोल की.

लेक : बाबा... दोनदा करकरते. आधी लांब, मग आखूड.

बाबा : आधी बसला. मग पाय पसरले.

लेक : आहे हो! खरंच आहे!

बाबा : हुश्श! मुंगी माझ्या मनची, हे मला ठाऊक होतं गं. खुर्चीचं मात्र हल्ली माझं मलाच कळेनासं झालं होतं. रेडिओवर ते लागलं की आधी तुमची तोंडं बघायचो.

लेक : डॉक्टरांना कळवते, उद्या येत नाही म्हणून.

बाबा : आणि नाक ओढू नकोस. जाळीतून तेही ऐकू येतं.

दुकानदार : मग काका, हा जाळीवालाच बांधू ना?

बाबा : छे! तो दुलईवाला द्या.

लेक : अहो बाबा, त्यात खुर्ची ऐकू येत नाही!

बाबा : तू ऐकलीस ना? मग आता मला नुसतं गाणं ऐकू दे.