पाहुणे आले की जाऊ

नीना : म्हणजे मला हे हरीश भावजींकडून कळावं? इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या हॉलमध्ये खिचडीची डिश घेऊन उभी मी, आणि ते विचारतात, वहिनी, रीडिंगचं घर विकून वाळवंटात निघालात म्हणे. हसले मी. दुसरं काय करणार?

पुरुषोत्तम : विकलं कुठे? नुसतं एजंटला दाखवलं.

नीना : कधी?

पुरुषोत्तम : तू लायब्ररीत होतीस तेव्हा.

नीना : माझं स्वयंपाकघर परक्या माणसाला दाखवलंत, आणि मी घरात नाही. ओटा तरी पुसला होतात का?

अपूर्व : आई, मी लाइनवर आहे हं. बाबांनी स्पीकर ऑन केलाय.

नीना : असू दे. ऐक तूही. कॅलिफोर्नियात बसून आईबापाचं घर मोडायला निघालायस.

पुरुषोत्तम : त्याला कशाला बोलतेस? इंग्लंडच्या या ओल्या थंडीत माझे गुडघे धरतात. हिवाळ्यात पाम स्प्रिंग्जच्या कोरड्या वाळवंटात त्याच्याजवळ राहायचं, उन्हाळ्यात इथे लहानसा फ्लॅट. गरम पाण्याचे झरे आहेत तिथे. जुन्या नटनट्यांचे बंगले आहेत, लोक मुद्दाम बघायला येतात.

नीना : बघायला येतात ना? बघायची जागा वेगळी, राहायची वेगळी. भारतातून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मी विंडसरचा किल्ला दाखवला. कार पार्कमध्ये गाडीची डिकी उघडून पुरीभाजी वाढली. म्हणून काय राणीच्या शेजारी बिऱ्हाड केलं?

अपूर्व : पण आई, इथला हिस्टरी पण मस्त आहे. खूप जमीन मूळ लोकांचा आहे, ट्राइबचा. मी आणि बाबांनी ऑनलाइन बघितला तो घर पण तसाच. घर आपला, खालचा जमीन त्यांचा, लीजवर.

नीना : वाचलंय मी ते. तू तिकडे गेलास त्याच आठवड्यात पुस्तक आणलं होतं. त्यांची जमीन त्यांच्याकडे राहिली, चांगलंच झालं. पण मला विचार. इतकी वर्षं इथे काढली, तेव्हा कुठे मागच्या अंगणातल्या सफरचंदाच्या झाडाला मी आमचं झाड म्हणायला लागले. आता पुन्हा नव्याने दुसऱ्याच्या अंगणात? आणि तेही मला न विचारता?

पुरुषोत्तम : विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस.

नीना : म्हणून विचारलं नाहीत. वा. आणि तू रे, एवढं कौतुक सांगतोस, तर तो डोंगरावर जाणारा रोपवे कसा आहे? वरून काय दिसतं?

अपूर्व : माहीत नाही. मी नाही गेलो.

नीना : दोन वर्षांत? हॉटेलात लोकांना तिकिटं तूच काढून देतोस ना?

अपूर्व : हो, पण स्वतः नाही गेलो. कॅनियन, तो खोल दरी, तो पण नाही बघितला. आपण तसंच करतो ना? पाहुणे आले की जाऊ.

नीना : आणि पाहुणे?

अपूर्व : मीनल मावशी येणार होती. नाही जमला तिला.

(नीना फोन स्वतःजवळ ओढून घेते.)

नीना : अहो, एजंटला फोन करा. घर विकायचा बोर्ड लावू नका म्हणावं.

पुरुषोत्तम : आणि माझे गुडघे?

नीना : गुडघे येतील माझ्याबरोबर. एक महिना. परतीचं तिकीट काढून.

अपूर्व : फक्त एक मंथ?

नीना : पाहुणी म्हणून येतेय. पाहुणे तेवढेच राहतात. पहिल्याच रविवारी तो रोपवे. पुऱ्या मी करीन.

अपूर्व : वर स्नो असतो आई, विंटरमध्ये. पुऱ्या थंड होणार.

नीना : होऊ देत. तुझ्याकडे स्वेटर आहे?

अपूर्व : नाही. इथे कोण घालतो?

नीना : तुझा निळा आणते. तुझ्या खोलीतच आहे, कपाटात.