चाकाखालचा दगुड

माजं माहेर आटपाडीचं, दुष्काळी मुलूख, आन दिलं वडूजच्या बाजूला, तितंबी कुसळंच. आमचं मालक मिलिट्रीत व्हतं म्हनून घर चाललं. गाडी चालवायचं तितं, बर्फात, डोंगरात, एका अंगाला दरी, आन मी हिकडं देव पान्यात घालून बसायची. पेन्शनीत आलं तवा म्हटलं, सुटलं बाई एकदाचं. आन गेलं कशानं, काय सांगू तुमाला, दगडानं. आपल्या रोजच्या रस्त्यावरल्या दगडानं.

आता पानी आलंय आमच्याकडं, ऊस झालाय, ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या वडत कारखान्याला जात्यात. चढाला थांबला की म्हागं सरकू नये म्हनून चाकाला दगुड लावत्यात आन निघताना त्यो तसाच रस्त्यात ऱ्हातो. कोन उतरून उचलनार? समदीच ठेवत्यात. मालक दिस मावळताना मोटारसायकलीवरनं बाजार करून येत व्हतं, चाक दगडावर चढलं, डोकं आपटलं, जाग्यावर गेलं. पिशवीतली मेथी रस्ताभर. मला ती मेथीच दिसती बगा अजून.

दत्ता, भावकीतला दीर माजा, त्यो रडत आला, पाय धरलं, म्हनला वैनी, माजाच दगुड व्हता ओ. पोलिसांनी केस केली. समदी मला म्हनत्यात, शालन, त्येनं काय मुद्दाम केलंय व्हय, लेकरं बारकी हायती त्येची, कोर्टात सांग माजी तक्रार न्हाई, गेल्यालं मानूस काय म्हागारी येतंय का. राग लय व्हता मला, पर मलाबी पटलं. म्हटलं जाऊ दे, सोडून द्यू.

तर परवाच्या दिशी माजा लेक सागर, त्योबी ट्रॅक्टरवरच हाय, खेप टाकून आला, जेवाय बसला. बोलता बोलता म्हनला, चढाला पंक्चर झाली व्हती आये. मी इचारलं, आन दगुड? तर म्हनतो, कंचा दगुड? आवं, तव्यावरली भाकरी तशीच जळाली माजी! बाप गेला दगडानं आन ह्यो इचारतो कंचा दगुड! घाईत ध्यानातच न्हाई आलं, म्हनला. जेवत्या ताटावरनं उटवला त्येला, गाडीवर म्हागं बसले, गेलो. रस्त्याच्या मधी पडलेला, ह्यो एवढा. सागर उचलाय वाकला आन तितंच बसून रडाय लागला. मला रडूच येईना. दगुड मीच उचलून कडंला टाकला.

आता माजी साक्ष हाय कोर्टात. मी सांगनार, सायेब, दत्ता वाईट न्हाई, पर त्येला शिक्षा द्या. सोडून दिलं की इसरत्यात ओ समदी. माज्या घरातलंच इसरलं, तर गावाला काय बोल लावू? भावकी म्हनती, आन उद्या तुज्या सागरच्या दगडानं कोन मेलं तर? मी म्हनते त्येलाबी द्या. दत्ताची लेकरं माज्या चुलीवर जेवतील, सागरचा डबा मी तुरुंगात पोचवीन, पर द्या.

असू द्या. तुमी सावकाश जावा बाबा, सुखी ऱ्हावा. आन चढाला दगुड दिसला तर थांबा, कुनाचा हाय इचारत बसू नका, उचला.