खिशातली कार्डं

हसणार नसाल तर सांगतो. मी आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं, पण नात सई परदेशी शिकायला जाण्यासाठीच्या जीआरई परीक्षेची शब्दांची कार्डं घेऊन बसली की माझी पंचाईत व्हायची.

"आबा, हा शब्द वाक्यात वापरून दाखवा."

कित्येक शब्द मलाच अनोळखी! म्हणून त्या शब्दांची कार्डं मी आधीच गुपचूप खिशात घालायचो. परीक्षेच्या दिवशी मात्र मन खाऊ लागलं. पोरीचं नुकसान झालं तर? ती घरी येताच सगळं कबूल केलं.

"मला पहिल्याच दिवशी कळलंतं की!" सई हसली. "दुपारी तुम्ही झोपलासा की खिशातली तीच कार्डं पाठ करायची मी. प्रोफेसरला अडतंय ते पेपरात येणारच. आलं की! आता टोफेलची इंग्रजीची परीक्षा हाय. उद्यापासून मोठ्या खिशाचा शर्ट घाला."