बोटभर अंतर

मुलगी : धक्का लागला नाही, एवढंच घोकताय तुम्ही परवापासून.

बाबा : नाहीच लागला. बोटभर अंतर ठेवून काढली सायकल. आयुष्यभर बस चालवली, बाजारातून, हातगाड्यांच्या मधून. एक ओरखडा नाही कधी. डेपोतली नवी पोरं बघायला यायची, मी बस कशी काढतो ते.

मुलगी : बसला पत्रा असतो, बाबा. त्या बाईंना नव्हता.

बाबा : हं.

मुलगी : तुमची घंटी अगदी पाठीत वाजली आणि त्या झुडपात जाऊन पडल्या. इथला रखवालदार मला म्हणाला, बाईंनी तक्रार केली तर या पायवाटेवर तुमची सायकल बंद होईल. मग काय, हमरस्त्याने जाणार, ट्रकांमधून?

बाबा : तुझी आई जाऊ देईल होय.

मुलगी : मग बसा घरी.

बाबा : नको गं. रिटायर झाल्यावर बसलो होतो ना घरी. तिने कपाटातल्या डब्यांची जागा बदलली म्हणून दोन दिवस अबोला धरला मी. मला काय करायचंय डब्यांशी? सायकल आली आणि दोघंही सुटलो.

मुलगी : म्हणून सांगतेय. आधी वेग कमी करायचा. घंटी लांबून, एकदाच. मग तोंडाने सांगायचं, मागून येतोय म्हणून. आणि चांगलं दोन हात अंतर सोडून जायचं.

बाबा : तेवढी जागा नसली तर?

मुलगी : तर मागे राहायचं.

बाबा : मागे. चालणाऱ्याच्या. आणि टायमिंग?

मुलगी : कसलं टायमिंग, बाबा?

बाबा : ...खरंच की. कसलं.

मुलगी : त्या बघा पुढे, तपकिरी शालवाल्या. त्याच त्या, कोपऱ्यावर शिवणकाम करतात.

बाबा : आज राहू दे. उद्या बघू.

मुलगी : आजच. मी आहे मागे, माझ्या सायकलवर.

(ब्रेक दाबल्याचा आवाज. लांबून घंटी, एकदाच.)

बाबा : बाई, मागून सायकल येतेय. तुम्ही चाला सावकाश. मी थांबतो.

शिंपीणबाई : परवाचे तुम्हीच ना?

बाबा : मीच.

शिंपीणबाई : काटा अजून आहे कोपरात. मशीनवर बसले की ठणकतं.

बाबा : चुकलं माझं. मला वाटलं, सफाईने काढली.

शिंपीणबाई : सफाई तुमची, जीव माझा. बाहीला वारा लागला तुमच्या सायकलचा. तेवढ्यात माणसाला वाटतं, संपलं. आणि वर सगळे विचारतात, लागलं तर नाही ना? म्हणजे हाड मोडल्यावरच तोंड उघडायचं का आम्ही? ही वाट आधी चालणाऱ्यांची आहे.

बाबा : आहे. बसमध्ये उंचावर बसायचो, खाली कोण किती दचकलं, कधी दिसलंच नाही.

शिंपीणबाई : रखवालदार कालपासून विचारतोय, तक्रार करताय ना? म्हटलं, आधी त्या माणसाच्या तोंडावर बोलू दे मला.

मुलगी : मावशी, मी यांची मुलगी. शिकवतेय मी त्यांना.

शिंपीणबाई : शिकतायत?

मुलगी : आज एकदाच वाजवली घंटी.

शिंपीणबाई : ऐकली मी. छातीत धस्स नाही झालं. बरं, सांगते रखवालदाराला, मिटलं म्हणून. पण परत असं झालं तर मीच हवा सोडेन चाकातली.

बाबा : सोडा. पंपही मीच आणून देईन.

शिंपीणबाई : जा आता पुढे.

बाबा : इथे दोन हात जागा नाही. मागेच राहतो.

शिंपीणबाई : इतक्या हळू चालवलीत तर पडाल.

बाबा : उतरतो की. सायकल काय, हातात धरूनही चालते.

मुलगी : बाबा, मला कामाला उशीर होतोय.

बाबा : मग तूही उतर, आणि बाईंना विचारून जा.

मुलगी : मावशी, उजवीकडून जाऊ का?

शिंपीणबाई : ये, मी कडेला होते. जा हं, नीट जा... गोड आहे मुलगी. तुमच्यावर नाही गेलेली.

बाबा : आईवर गेलीय. तीही बोलते ते तोंडावरच.

शिंपीणबाई : बरं करते. पुलापुढे वाट रुंद होते, तिथून बसा सायकलवर.

बाबा : बसतो. तो काटा भिंग लावून बघायला हवा कुणीतरी. आमच्या घरी या, बायको काढून देईल. तिचा हात हलका आहे.

शिंपीणबाई : येईन. ओळखदेख नसताना बरं दिसेल का पण?

बाबा : काटा मी घातलाय. आणखी काय ओळख हवी?

शिंपीणबाई : ...अहो, पूल गेला मागे.

बाबा : गेला. पाहिला मी.