संगीता कामाला जाते का?

अरे, संगीताच्या घरी काय झालं ते तुम्हाला सांगितलंच नाही! लोकांना काय काम मिळतं, किती मिळतं, याच्या अभ्यासासाठी आम्ही मुरबाडकडच्या गावांत घरोघरी फिरत होतो. संगीता तिथल्याच वैशाखरे गावची, बीए झालेली, आमच्याकडे नुकतीच लागलेली. फिरता फिरता तिच्याच घराची पाळी आली. स्वतःच्या घरी प्रश्न विचारायचे नाहीत असा नियम, म्हणून मी विचारायला बसलो आणि ती शेजारी गप्प.

तिच्या बाबांना मी विचारलं, "घरात कोणी पगारी कामाला जातं?"

"नाय. आमची भातशेती, बस."

संगीताला राहवेना. "बाबा, आणि मी?"

"तू काय करतेस गो? लोकांच्या ओटीवर बसतेस, चाय पितेस नि त्यांना विचारतेस, तुमी काय काम करता! ह्याला काम म्हणतात?"

तिचा चेहराच पडला. पहिली नोकरी, आणि ती घरातच कोणी हिशेबात धरत नव्हतं. मी म्हटलं, "मग काका, हिला बेकार लिहू?"

काका ताडकन उठले. "बेकार? माझी पोर? सकाळी भाकरी बांधून निघते ती दिवे लागल्यावर येते! नोकरी हाय, लिवा."

संगीता हसायला लागली. मी लिहू लागलो तसे काका वाकून म्हणाले, "पर्मनंट लिवा."

"काका, पर्मनंट तर मीसुद्धा नाही."

"मग पेन हातात हाय ना, साहेब? तुमचं पण लिवून टाका!"