चौथीच्या वर्गाचा बिनचूक अर्ज

विषय : कासारवाडी शाळेच्या चौथीच्या वर्गाने पाठवलेल्या अर्जाबाबत.

पन्नास-साठच्या दरम्यानची गोष्ट. मी शाळांच्या कचेरीत कारकून होतो. कासारवाडीच्या गुरुजींनी ठरवलं, की अर्जलेखन शिकवायचं तर मुलांनी खराखुरा अर्ज लिहावा आणि टपालात टाकावा. मुलांनी गुरुजींना न दाखवताच टाकला : "आमचे गुरुजी रोज पुनावळ्याहून पायी येतात. त्यांचे पाय सुजतात. तरी त्यांची बदली पुनावळ्यास व्हावी."

पोरांकडून हे कळताच गुरुजी धापा टाकत कचेरीत आले. "भाऊसाहेब, पुनावळे माझं गाव, तिथे माझी भाऊबंदकी आहे हो! बांधाची भांडणं रोज शाळेच्या दारात येतील. हा अर्ज नामंजूर करा."

"कशावर करू? एक चूक नाही त्यात."

"मीच शिकवलंय," गुरुजी म्हणाले, आणि क्षणभर खूश झाले.

"मग तुम्ही हरकतीचा अर्ज द्या."

त्यांनी तिथेच बसून लिहून दिला. मी दोन्ही अर्ज एकत्र टाचून साहेबांकडे पाठवले. पुढे गुरुजी अधूनमधून चौकशीला येत, "अजून काही नाही" हे ऐकून सुटकेचा सुस्कारा सोडत आणि मला चहा पाजून जात.

गुरुजी कासारवाडीतूनच निवृत्त झाले. नंतर मीही झालो. दोन्ही अर्ज विचाराधीन आहेत.