तळघरातल्या दिव्याचं बटण

हार्डवेअरच्या दुकानात रंगाऱ्याला घाई होती, आणि पुढच्या आजी काही हलायला तयार नव्हत्या.

"मुलगा तळघराच्या भिंतीत स्क्रूची गिट्टी ठोकतो आणि ती आतच पडते रे. दोन गिळल्या भिंतीनं!"

"तळघर ना आजी?" दुकानदार म्हणाला. "ब्लॉक पोकळ असणार. हा बोल्ट न्या, आत गेला की पंख उघडून धरून बसतो. बसवताय काय?"

"दिव्याचं बटण. सून खाली शिवत बसते."

"मग आत्ता बटणच नाही?"

"आहे की. वर, माझ्या उशाशी. मी झोपताना बंद करते."

"आणि ती?"

"येते चाचपडत वर."

"रोज?"

"लग्न झाल्यापासून."

रंगाऱ्यानं हातातला डबा हळूच खाली ठेवला.

"कधी बोलली नाही तुम्हाला?" त्यानंच विचारलं.

"एका शब्दानं नाही. काल मी खाली गेले होते, आणि नातीनं खेळता खेळता वरून बटण दाबलं. मेला जिनाच सापडेना मला."

"मग असं करू," दुकानदार म्हणाला, "खाली एक बसवा आणि वरचंही राहू द्या. दोन्हीकडून चालेल."

"नको, वरचं काढूनच टाकायचं."

"असू द्या की, सोयीचं पडतं."

"नको रे बाबा. सवयीचा हात आहे माझा, जाईल बटणावर."